सरळ रचलेली गंज

आमच्या जिल्ह्यात 'भव्य' या शब्दाला विश्रांती नाही. नगरहून कर्जतकडे निघालं की पहिल्याच चौकात भव्य शुभारंभ असतो, पुढे भव्य बैलगाडा शर्यत, त्यापुढे भव्य आरोग्य शिबिर, आणि मिरजगावच्या अलीकडे एका फ्लेक्सवर कुणाचा तरी भव्य वाढदिवस. वाढदिवस भव्य कसा असतो हे मला अजून कळलेलं नाही. मी नगरच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकवते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच शब्द समजावून सांगायचं काम कित्येक वर्षं माझ्या वाट्याला आलेलं आहे. निसर्गातली भव्यता, कलेतली भव्यता, वास्तूतली भव्यता, असे तीन तास. उंची, प्रमाण, ऊन-सावली असं बरंच काही मी मन लावून सांगायची आणि मुलं लिहून घ्यायची. आपल्याला यातलं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

दर हिवाळ्यात मुलांना घेऊन मी भंडारदऱ्याला जाते. धरणाची भिंत, मागचे डोंगर आणि रतनवाडीचं काळ्या दगडातलं जुनं देऊळ, म्हणजे तिन्ही तास एका दिवसात उरकतात. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये जागा होती म्हणून मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, सोबत नेलं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात त्यांची उभी हयात ज्वारी काढण्यात गेली. एवढं पाणी एका जागी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. डोंगर बघून "लई मोटा हाय" एवढंच म्हणाले आणि टोपी सारखी केली.

देवळापाशी मुलं कळसाचे फोटो काढत होती. अप्पा मात्र मागच्या बाजूला जाऊन भिंतीला हात लावून उभे होते. मला बोलावून म्हणाले, "हितं पाऊस किती पडत आसंल. मंग पानी आत कसं शिरत न्हाई?" मी दगडाचे थर दाखवले. प्रत्येक थराची कड जराशी पुढे आली आहे, वरून जराशी उतरती आहे, त्यामुळे पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेर टपकतं, असं सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. "म्हंजे गंजीवानी," ते म्हणाले. मुलं हसली. मीही त्यांच्याबरोबर हसले, आणि खरं सांगायचं तर मला थोडी लाजही वाटली.

गंज म्हणजे कडब्याची. ज्वारी काढून कणसं खुडली की उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात, आणि त्या पेंढ्या एकावर एक रचून वर्षभराचा चारा उभा करतात. घराएवढी लांब, घराहून उंच, वर छपराची पाखं उतरल्यासारखा माथा. ती रचणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. अप्पांना आजूबाजूच्या गावांतून गंज रचायला बोलवायचे, गाडी पाठवून न्यायचे आणि जेवू घालून परत आणून सोडायचे. त्यांनी रचलेली गंज कधी भिजली नाही असं लोक म्हणायचे, आणि अप्पा ते ऐकून दुसरीकडे बघायचे. लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे. जी इमारत गुरं खाऊन टाकतात, तिचं कसलं कौतुक, असं वाटायचं.

परतीच्या वाटेवर ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "यंदा गंज न्हाई आपल्यात." त्यांचे गुडघे गेले होते. शेत बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने कुट्टीचं मशीन आणलं होतं. कडबा वाळला की कापून पोत्यांत भरायचा, असं त्याने ठरवलं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण अप्पांचा तो आवाज मला ऐकवेना. मी तिथूनच भावाला फोन लावला आणि एकदा तरी रचू, म्हणून भांडले.

"वर कोन चढनार? अप्पांला मी चढू देनार न्हाई," तो म्हणाला.

"मी चढते. अप्पा खाली बसून सांगतील."

 शेवटी तो म्हणाला, "बरं. पन आक्का, एक आट. अप्पांची गंज भिजली, तर परत गंजीचं नाव काढायचं न्हाई. सगळं मशीनला." फोन स्पीकरवर होता; अप्पांनी तो माझ्या हातातून घेतला आणि "मान्य हाय" म्हणून मला परत दिला. मला वाटतं तेवढ्या वेळात ते दहा वर्षांनी तरुण झाले होते.

शिमग्याच्या सुट्टीत मी गावी गेले ती दोरी, भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि पातळी बघायची लेव्हलची बाटली घेऊन. भावाने ते सामान पाहिलं आणि तोंड फिरवून हसला. वाळवी लागू नये म्हणून त्याने दगड आणि लाकडं टाकून तळ तयार ठेवला होता. तो खालून पेंढी फेकायचा, मी वर झेलून लावायची. ताटांचे बुडखे बाहेर, शेंडे आत. अप्पा लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पहिल्या तासात माझे हात सोलवटले, दुसऱ्या तासात कंबर बोलायला लागली, पण हळूहळू मला ते जमायला लागलं, आणि मग मी काही कुणाला ऐकेना.

"मधी भरत जा," अप्पा म्हणाले. मी दोन पेंढ्या मध्ये टाकल्या आणि लेव्हल लावून बघितली. बाटलीतला बुडबुडा बरोबर मध्यावर होता.

थोड्या वेळाने परत, "पोरी, मधी टेकाड पायजे. आन् कडंला जरा पोट सुटू दे."

"अप्पा, कड एका रेषेत आली आहे. पोट कशाला?"

तिसऱ्यांदा ते खुर्चीवरून उठून जवळ आले. "सरळ नगं. टेकाड कर."

"अप्पा, मी रोज हेच करते," मी वरून म्हणाले. बोलले ते जरा जोरातच बोलले. ते परत जाऊन खुर्चीवर बसले. त्यांना पटलं, असं मी धरून चालले.

दोन दिवसांत गंज उभी राहिली. चारी कोपरे काटकोनात, भिंती ओळंब्यात, माथ्यावर ताडपत्री. रस्त्याने जाणारे लोक मोटारसायकल थांबवून बघायला आले आणि मोबाईलवर फोटो काढून गेले. अप्पांच्या वयाचे एक शेजारी म्हणाले, "लेक बापाच्या वरताण निगाली की." अप्पा हसले, म्हणाले, "शिकल्यालीय ती." मी फुलून गेले. कॉलेज सुरू झाल्यावर तो फोटो मी वर्गात पडद्यावर दाखवला आणि रतनवाडीच्या देवळाशेजारी ठेवून चांगला पाऊण तास बोलले.

मे महिन्यात सलग तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला, "आक्का, ये. गंज उघडतोय."

ताडपत्री काढली तेव्हा वरच्या पेंढ्या कोरड्या होत्या. त्याखाली हात घातला तर आत गरम लागलं आणि आंबूस वास आला. पेंढ्या काळ्या पडल्या होत्या, मध्ये पांढरी बुरशी. भाऊ एकेक पेंढी काढून खाली टाकत होता, आणि काय झालं आहे ते मला वरून खालपर्यंत एका नजरेत समजलं. बुडखे जाड असतात, ते दबत नाहीत. शेंडे पातळ, ते दबतात. म्हणून मध्ये जास्त भरून टेकाड ठेवायचं असतं, म्हणजे गंज बसली तरी प्रत्येक पेंढीचा उतार बाहेरच्या बाजूला राहतो. मी सगळं एका पातळीत ठेवलं. महिन्या-दीड महिन्यात मध्यभाग खचला, सगळ्या पेंढ्या आत कलल्या, आणि माझ्या ओळंब्यातल्या भिंतीवरून ओघळणारं पाणी एकेका ताटावरून पोटात गेलं. अर्ध्याहून जास्त चारा वाया गेला होता.

शेजारचे ते गृहस्थ आणि आणखी दोघे-तिघे बांधावर उभे होते. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा खुर्चीवरून म्हणाले, "माजंच चुकलं. मीच तिला म्हनलं, सरळ घे. मला काय आता नीट दिसत न्हाई."

"अप्पा, तुमची गंज कदी भिजली न्हवती," कुणीतरी म्हणालं.

"आता भिजली. वय झालं."

 नुसतं तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्याने झालं नाही. मुलांना दाखवलेला फोटो, ती पाऊण तासाची बडबड, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि जीभ रेटेना. भावाने हात झटकले, "मंग ठरल्यापरमानं," आणि अप्पांनी होकाराची मान हलवली. उरलेला चांगला कडबा संध्याकाळपर्यंत कुट्टीत गेला. मी मशीनचा आवाज ऐकत घरात बसून राहिले आणि अंधार पडायच्या आत नगरला पळाले.

पुढचे आठ दिवस माझं कशातच लक्ष लागेना. भावाला फोन केला तर तो सहज म्हणाला, "पारावर लोकं अप्पांला म्हनत्यात, चष्मा बदला. हासून घेत्यात अप्पा." त्यानंतर मला जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी गाडी काढून मी घरी न जाता सरळ पारावर गेले. अप्पा तिथेच होते, भाऊ डेअरीला दूध घालून येऊन टेकला होता. शेजारच्या गृहस्थांसह पाच-सहा जण होते. मी चपला काढून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. अप्पांनी तीनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर त्यांना बोलले, गंज माझ्यामुळे भिजली.  माणसांपुढे उभं राहून मला काही शिकवायचं नव्हतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

कुणालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. शेजारच्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, आमाला काय कळलं न्हवतं व्हय? अप्पाच्या गंजीचं पोट आमी जन्मभर बगितलंय. पन बापानं पांगरून घातलं, ते आमी कशाला वडायचं?"

"मग चष्म्यावरून चिडवत का होतात?"

"त्यो खोटं बोलला, तर आमी बी तसंच बोलाया पायजे का न्हाई?"

मी भावाकडे वळले. पेंढ्या फेकणारा तोच होता, त्याने तर सगळं कानांनी ऐकलं होतं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "अप्पा बोलल्यावर मी कसं बोलू?" तो म्हणाला. मग जरा थांबून, अप्पांकडे न बघता, "पन आट अप्पांच्या गंजीची हुती. ती काय अप्पांची गंज न्हवती. ती आक्काची. अप्पांची पुढच्या साली रचू. मी चढतो वर."

"तुला काय येतंय?" अप्पा म्हणाले.

"तुमी सांगाल तसं करीन."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर झटकली आणि परत घातली. त्यांना किती आनंद झाला आहे हे त्यांना कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

घराकडे निघालो तेव्हा मात्र ते माझ्यावर चिडलेले होते. भाऊ पुढे गेला होता. शाळेच्या कोपऱ्यावर ते थांबले. मग म्हणाले, "कुनी सांगितलं हुतं बोलाया?"

"अप्पा, तुमचं नाव जात होतं."

"माजं नाव कडब्यावर. दर साली जनावरं खात्यात आन् सपतं. तुला उद्या पोरांपुढं हुबं ऱ्हायचंय."

मला रडू आवरेना. ते "गप, लोकं बगत्यात" म्हणाले आणि माझ्या दंडाला धरून चालू लागले. गुडघ्यांमुळे ते अगदी सावकाश चालत होते, तरी त्यांच्या बरोबरीने पाऊल टाकणं मला जमत नव्हतं.