लोह काढायच्या गोळ्या

“लोह काढायच्या गोळ्या?” मला हसू आलं. “मॅडम, पलीकडच्या लाइनला आपण लोह वाढवायचं टॉनिक भरतो, आणि इथं काढायच्या गोळ्या?”

त्या दिवशी मला टॉनिकच्या लाइनवरून ब्लिस्टर पॅकिंगला बसवलं होतं. ब्लिस्टर म्हणजे गोळ्यांची पट्टी. खळग्यात गोळी पडते, वरून फॉइल चिकटते. रिकामा खळगा दिसला की पट्टी बाजूला काढायची, एवढंच काम. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून तारापूरला आलेल्या मला तेवढंही पुष्कळ.

सावे मॅडम आमच्या शिफ्ट केमिस्ट. त्या म्हणाल्या, “थॅलेसेमियाच्या मुलांसाठी आहेत. त्यांचं रक्त टिकत नाही, म्हणून दर महिन्याला बाहेरचं चढवतात. त्या रक्तातलं लोह साठत जातं, हृदयात, लिव्हरमध्ये. ते या गोळीने काढायचं. अशा मुलाला वरून टॉनिक देणं म्हणजे भरलेल्या टाकीत पाणी सोडणं.”

माझे हात थांबले. रिकाम्या खळग्यांच्या दोन पट्ट्या डोळ्यांसमोरून तशाच पुढे गेल्या.

कंपनीजवळच्या सरावली गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या काकींचा नातू आरव सहा वर्षांचा. त्याला दर महिन्याला रक्त चढवायला नेतात. “रक्त कमी हाय त्याला,” एवढंच काकी सांगायच्या. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर याच काकींनी माझं पथ्यपाणी केलं. मी काय देणार? आठवड्यापूर्वी मेडिकलमधून आमच्याच कंपनीच्या टॉनिकची मोठी बाटली घेऊन दिली. रोज दोन चमचे, असं वर ऐटीत सांगितलं.

“मॅडम, मला फोन करायचाय.”

“मोबाइल लॉकरमध्ये, मशीन चालू. काय झालं?”

सांगितलं. मी काँट्रॅक्टवरचा. वाटलं, उद्यापासून गेट बंद. दोन पट्ट्या सुटल्या तेही सांगून टाकलं.

मॅडमनी लाइन थांबवली. “पट्ट्या मी शोधते. तू पळ.”

गाऊनच्या गाठी सुटेनात. शेवटी ओढून तोडल्या.

“देते ना रोज,” काकी फोनवर म्हणाल्या. “त्याची आय कामाला गेली का मीच पाजते. गोड लागतंय, मागून घेतो.”

“काकी, बंद करा. एक थेंबही नको. आधी डॉक्टरांना फोन लावा.”

काकी हळूच म्हणाल्या, “तूच बोललास ना, ताकदीचं हाय?”

“चुकलो, काकी. आधी फोन लावा.”

दुसऱ्या दिवशी आरवचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात फार बिघडलेलं नाही. महिनोन्‌महिने चाललं असतं तर जड गेलं असतं. लोह द्यायचं नाही हे त्यांनी त्याच्या आईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काकींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आरवची आई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. काकींनी माझं ताट बंद केलं नाही.

त्या दोन पट्ट्या मॅडमना सापडल्या, नोकरी राहिली. बाटल्या भरता येतात म्हणून औषध कळतं असं नाही. आता कुणाच्या घरी जायचं झालं तर मी केळी नेतो.