आईचा तीन बटणांचा कॉम्प्युटर

आईच्या घरी कॉम्प्युटर बसवला तेव्हा वाटलं होतं, आता माझी धावपळ कमी होईल. झालं भलतंच! धावपळ तेवढीच राहिली, वर किस्से जमत गेले. ऑफिसात डबे उघडले की मैत्रिणी आधी विचारतात, "काय गं, आईची आज काय खबर?"

कॉम्प्युटर आला कशाला, ते आधी सांगते. बाबा गेल्यावर आई मुलुंडला एकटी, मी घाटकोपरला एकटी. "माझ्याकडे ये राहायला" म्हटलं की ती भांडी जोरात आपटायला लागायची. मला खरंच भीती वाटायची, पडलीबिडली तर कळणार कुणाला? शेवटी तह झाला. रोज सकाळी आठला तिने मला स्क्रीनवर दिसायचं. एक दिवस जरी चुकली, तरी बॅग भरून माझ्याकडे!

"मान्य," आई म्हणाली.

*

तिला सोपं जावं म्हणून मी स्क्रीनवर तीनच मोठी बटणं ठेवली. बोला, फोटो, पेपर. आईने चष्मा लावून नीट पाहिलं.

"एवढंच? दुकानदाराने फसवलं गं तुला!"

*

पहिल्याच दिवशी कॉल संपेना. "आई, लाल बटण दाब ना."

"लेकीच्या तोंडावर दार आपटू? आधी तू ऊठ."

"नाही, तू."

वीस मिनिटं आम्ही एकमेकींना "बरं मग" म्हणत बसलो. मला ऑफिसला लेट मार्क!

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठला स्क्रीनवर नुसता लालसर अंधार. आवाज मात्र खणखणीत. "अगं, समोरच बसलेय!"

"काल कॉम्प्युटरला काही केलंस?"

"पूजा केली. हळदकुंकू लावलं."

"कुठे?"

"कपाळावर! वर मधोमध तो काळा ठिपका आहे ना, नेमकं तिथं."

मी म्हटलं, दिसली नाहीस म्हणजे चुकलीस. तर म्हणे, "सणासुदीला सूट असते!"

*

एकदा आई शाल पांघरून, पाठ करून बसलेली. "आई, इकडे बघ ना." हूं नाही की चूं नाही. मी ओरडले तेव्हा शाल वळली. आत शेजारच्या कार्मेलबाई!

"अगं बाय, तुझी आई देवळात गेलीय. मी बदलीवर आहे."

*

आणि हा गेल्या महिन्यातला. सुट्टीचा दिवस, अंगात कणकण होती. गोळी घेतली, फोन सायलेंटवर टाकला आणि झोपले. नऊला दाराची बेल. उघडते तर आई! मुलुंडहून रिक्षाने आलेली, धापा टाकत, हातात बाबांची मोठी बॅग. मला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, झोप लागली होती," मी म्हटलं. बॅग बघून मात्र मनातून खूश झाले. "राहायला आलीस ना?"

आईने चपला काढल्या. आत गेली, बॅग माझ्या पलंगावर ठेवली, चेन उघडली. बॅग रिकामी होती.

"आठला दिसली नाहीस," ती म्हणाली. "भर."