बर्फीच्या वजनाचा तक्ता

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास ऋतुजा तामोरे माझ्या बोईसरच्या दवाखान्यात धावत शिरली. हातात टॉवेल, टॉवेलात बर्फी. बर्फीचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती आणि पुढच्या पंजाने ती स्वतःचंच तोंड खरवडत होती.

बाकावर कुत्रा घेऊन बसलेला माणूस उठून डोकावला. "डॉक्टर साब, नेवला है क्या?"

नेवला म्हणजे मुंगूस. हे मुंगूस नव्हतं, फेरेट होतं. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. परदेशात लोक मांजरासारखे पाळतात, आता आपल्याकडेही पाळू लागलेत. पक्का मांसाहारी प्राणी. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्यामुळे उपाशी राहणं त्याला परवडतच नाही.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर तिची साखर बघितली. अठ्ठावन्न. नव्वदच्या आसपास तरी हवी होती. साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळत बसलो. दहा मिनिटांनी बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि माझ्या बोटाला कडकडून चावल्या. कुणी चावल्यावर इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"सर, हे चिकनमुळेच होतंय ना?" ऋतुजाने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरने असं बोलायचं नसतं. पण काय करू? खरंच माहीत नव्हतं.

मी मूळचा गाईम्हशींचा डॉक्टर. एकतीस वर्षं सरकारी नोकरी, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बैल आणि शेळ्या तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर बोईसरला दवाखाना थाटला. इथे कुत्री, मांजरं, पोपट येतात. फेरेट हे नावसुद्धा मी पुस्तकातच वाचलेलं. पाच आठवड्यांपूर्वी ऋतुजा पहिल्यांदा आली तेव्हा तिला तसं सरळ सांगितलं. म्हटलं, बाई, मुंबईला ने. ती म्हणाली, "सर, नेईन, पण रोज कसं नेऊ? जवळ कोणीतरी हवं ना."

प्रकार असा होता. तिचा अंधेरीचा भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला आणि जाताना त्याची दोन फेरेटं, बंड्या आणि बर्फी, हिच्याकडे सोपवून गेला. ऋतुजा एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. सरावलीच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिच्या सासूबाई, हिराबाई. भावाने सोबत परदेशी कोरड्या खाण्याच्या गोळ्यांची एक मोठी पिशवी दिली होती. ती संपत आली आणि नवीन पिशवी काही मिळेना. दुकानदार रोज म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. महिनाभर त्याचं तेच.

म्हणजे खाणं बदलणं भाग होतं. आणि फेरेट खाण्याच्या बाबतीत भयंकर हट्टी. लहानपणी जे तोंडाला लागलं तेच अन्न, बाकी सगळा कचरा. म्हणून बदल हळूहळू करायचा. पहिल्या आठवड्यात थोडंसं उकडलेलं चिकन आणि कलेजी, बाकी जुन्या गोळ्या. मग अर्धं-अर्धं. मग चिकन जास्त, गोळ्या नावाला. रोज वजन करायचं, रोज शी बघायची. शी हिरवी आणि बुळबुळीत झाली की समजायचं, गाडी रुळावरून घसरली.

मी एक तक्ता करून दिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. खाल्लं की टिक. ऋतुजा शिफ्टला गेली की हिराबाई खायला घालणार आणि टिक करणार. वजन ऋतुजा घेणार. तिने तर त्या तक्त्याला लॅबच्या रजिस्टरचं रूप दिलं. तारीख, वेळ, सही. मी गमतीने म्हटलं, "बॅच नंबर राहिला." ती हसली नाही.

पहिले दोन आठवडे झकास. मला वाटलं, जमलं की! उगाच घाबरत होतो.

तिसऱ्या आठवड्यात चिकन अर्ध्यावर आणलं आणि घोळ सुरू झाला. सोमवारी संध्याकाळी बर्फीला हिरवी शी. मंगळवारी-बुधवारी ठीक. गुरुवारी पुन्हा हिरवी. वजन सातशे नव्वदवरून सातशे दहा. चौथ्या आठवड्यात चिकन वाढवलं तर घोळही वाढला. वजन सहाशे साठ. तक्त्यात मात्र एकही टिक चुकलेली नाही. तिन्ही वेळा खाल्लं, तिन्ही वेळा टिक.

आणि बंड्या? तेच घर, तेच ताट, तोच तक्ता. बंड्या ठणठणीत. गडी पडद्याच्या दोरीला लोंबकळत होता.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. जंत म्हणावे तर तपासणीत काही नाही. उकाडा म्हणावा तर एसी चालू. "सोमवार-गुरुवार लाइट जाते का गं तुमच्याकडे?" मी विचारलं. "नाही सर, शुक्रवारी जाते." ऋतूच्या बदलाने फेरेटचं वजन कमी होतं असं कुठेतरी वाचलं, पण मग ते वार बघून कशाला होईल? प्राण्याला कुठे कळतं आज सोमवार आहे म्हणून!

तरी सोमवार-गुरुवार हा धागा तेवढा मी धरून ठेवला होता. तोही मंगळवारी तुटला. साखर कोसळली ती मंगळवारी. आता सांगा.

बुधवारी बर्फीला दवाखान्यात ठेवून घेतलं. चार तास उपाशी ठेवून साखर बघितली. शहाण्णव. एकदम नॉर्मल. जव्हारला माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा मुंबईला असल्या प्राण्यांचं काम करतो. त्याला फोन लावला.

"सर, स्वादुपिंडात गाठ असू शकते. चार-पाच वर्षांच्या फेरेटना होते," तो म्हणाला. "पण मग उपाशीपोटी साखर खालीच दिसायला हवी. आज शहाण्णव म्हणता?"

"शहाण्णव."

"मग कळत नाही, सर."

"अरे वा. म्हणजे आता आपण दोघं झालो."

संध्याकाळी ऋतुजा न्यायला आली. वजन सहाशे दहा. मी म्हटलं, सहाशेच्या खाली गेली तर सांभाळणं कठीण आहे. ती बर्फीला टॉवेलात गुंडाळायला लागली.

"सर, पुण्याला एकजण आहेत. आठ-दहा फेरेट पाळतात. त्यांच्याकडे बाहेरचं खाणं आहे. रविवारी दोघांना देऊन टाकते. माझ्या हातून मरायला नकोत." मग हळूच म्हणाली, "आईंना सांगितलं काल. त्या जेवल्या नाहीत. दिवसभर या दोघांचीच सोबत असते हो त्यांना. गावी मुरब्याला घरभर माणसं असायची, इथे दार लावून बसायचं."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचा. गाय आजारी असली की मी आधी गोठा बघायचो, गव्हाणीत हात घालायचो. इथे पाच आठवडे टेबलामागे बसून नुसता कागद वाचत होतो. म्हटलं, उद्या घरी येतो.

गुरुवारी साडेअकराला सरावलीला पोचलो. ऋतुजा पहिल्या शिफ्टला गेलेली. हिराबाईंनी दार उघडलं. साठीच्या बाई, डोक्यात अबोलीचा गजरा, डोळे सुजलेले. बर्फी त्यांच्या खांद्यावर गळून पडली होती. बंड्या पायात घुटमळत होता.

"या डॉक्टर. बसा. बघा ना हिला, कशी गप झालीय." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "जेवूनच जा. पण आज साधंच हाय बघा, वरणभात. गुरुवार ना. वार नसता तर तुमाला पापलेट खिलवलं असतं."

"राहू द्या हो, मलाही गुरुवार असतो," मी म्हणालो.

हे म्हणालो, आणि बोलता बोलता माझी नजर खाली गेली. बर्फीची वाटी. वाटीत चार गोळ्या, आणि बाकी वरपर्यंत दूधभात. वर तुपाची धार.

"हिराबाई, हे काय?"

"बर्फीचं दुपारचं."

"चिकन कुठाय?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मीच काहीतरी अभद्र बोललो असा चेहरा. "आज गुरुवार हाय ना डॉक्टर! सोमवारी-गुरुवारी आमच्या घरात कोंबडी-मासं शिजत नाय. लग्न होऊन आले तवापासून नाय."

"आणि परवा मंगळवारी?"

"अंगारकी होती."

मी खाली बसलो. अंगारकी! माझ्या बायकोचाही उपास होता त्या दिवशी. मीसुद्धा साबुदाण्याची खिचडी खाऊन दवाखान्यात आलो होतो.

सगळं समोर आलं. सुरुवातीला वाटीत जुन्या गोळ्याच जास्त होत्या, म्हणून वार निभावले. चिकन वाढवत गेलो तसतशी वाराच्या दिवशी वाटी रिकामी होत गेली, आणि ती रिकामी जागा ही माउली मायेने दूधभाताने भरत होती. फेरेटला दूध पचत नाही. भाताने साखर आधी चढते, मग धाडकन खाली येते. आणि मी मठ्ठासारखा चिकनवर संशय घेत होतो. आणखी एक आठवडा गेला असता तर चिकन बंद करून मीच तिला मारलं असतं.

"पण तुम्ही तक्त्यात टिक केलीत," मी म्हणालो.

"मग? खाल्लं की तिनं! तुमी लिवलंय, खाल्लं का. खाल्लं."

बरोबर होतं त्यांचं. काय खाल्लं, असं मी कुठेच विचारलं नव्हतं. बैलाला कोण विचारतो, तुझा आज वार आहे का म्हणून!

मी त्यांना समजावून सांगितलं. फेरेटला मांस सोडून दुसरं काही चालत नाही. त्या गोळ्यासुद्धा कोंबडीच्याच. हे ऐकून त्यांनी तोंडावर हात नेला.

"ती बिस्किटं? त्यात कोंबडी हाय?"

"पिशवीवर इंग्रजीत लिहिलंय."

"अगो बाय! मी सोमवारी देवासमोर बसून घातलीत ती त्यांना." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "म्हंजे मीच मारत होते काय हिला? माझ्या हातानं? तूप घालून?" त्या रडायला लागल्या. बर्फी खांद्यावरून घसरून मांडीवर आली. चूक तुमची नाही, तक्त्याची आहे, असं काहीतरी पुटपुटलो.

डोळे पुसून त्यांनी देवाच्या फळीकडे बघितलं. मी म्हटलं, चिकन मी घेऊन येतो, बाहेर शिजवू, तुम्ही हात लावू नका. त्यांनी मान हलवली.

"नको. वार माझा हाय. ही कुठं नवस बोललीय?"

आणि पिशवी घेऊन, चप्पल घालून, लग्नानंतर पहिल्यांदाच गुरुवारच्या दिवशी हिराबाई तामोरे कोंबडीच्या दुकानात गेल्या.

त्या येईपर्यंत मी बर्फीच्या हिरड्यांना मध लावत बसलो. बंड्याने आपली वाटी हुंगून सोडून दिली आणि डुलत डुलत वॉशिंग मशीनमागे गेला. मागून कडकड आवाज. वाकून टॉर्च मारला. तिथे जुन्या गोळ्यांचा हा ढीग! फेरेटला खाणं लपवायची खोड असते. पठ्ठ्या चांगल्या दिवसांत साठवून वाराच्या दिवशी कोठारातून खात होता. बर्फी बिचारी साधी, समोर येईल ते खाणारी. ती वाळली आणि तो दोरीला लोंबकळत राहिला.

हिराबाईंनी गॅलरीत जुना स्टोव्ह पेटवला. स्वयंपाकघरात काही नेलं नाही. बोटभर चिकन ठेचून, कोमट करून बर्फीला भरवलं. तिने पहिला घास थुंकला. दुसरा गिळला. मग वाटीच ओढायला लागली. हिराबाई पुन्हा रडल्या, आणि मग आंघोळीला गेल्या, कारण त्यांना देवाला दिवा लावायचा होता.

ऋतुजा तीन वाजता आली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटायचं, वाराला आई आदल्या दिवशीचं उकडलेलं घालतात." मग म्हणाली, "सर, आमच्याकडे बॅच बिघडली की कारण शोधून लिहावं लागतं. हे मी काय लिहू? अंगारकी?"

"लिही," मी म्हणालो.

पुण्याचं रद्द झालं. पिशवी संपली तरी काही बिघडलं नाही. तीन आठवड्यांनी बर्फी सातशे साठवर आली. गॅलरीतला स्टोव्ह सोमवार-गुरुवार चालू आहे, आणि हिराबाई त्या दिवशी दोनदा आंघोळ करतात.

माझ्या तक्त्यात आता दोन रकाने वाढले आहेत. काय खाल्लं, आणि घरात वार कोणते. दुसरा वाचून लोक हसतात, पण जरा थांबून उत्तर देतात. श्रावणात पोपटाला सोडून बाकी सगळ्यांना मी तेच आधी विचारतो.

त्याच गुरुवारी मी घरी गेलो. आमच्याकडे एक बोका आहे, अकरा वर्षांचा. त्याची बशी बघितली. दहीभात.

"याला दर गुरुवारी हेच देतेस?" मी बायकोला विचारलं.

"मग? वार नाही का?"

"अकरा वर्षं?"

"तुमच्यासमोरच तर देते," ती म्हणाली.

बोका कुंपणावर बसून मिशा चाटत होता. शेजारच्या आवारात उंदीर पुष्कळ आहेत, त्याने आपली सोय आपण केली असणार. बर्फीला बाहेर जायला दार नव्हतं, एवढाच काय तो फरक.