गोबनेटच्या घुसळणीत सापडलेला व्याही

गोबनेट टूमीच्या हातच्या लोण्याला सगळ्या मुस्केरीच्या डोंगरात तोड नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगायची. दुसऱ्यांनी सांगेपर्यंत थांबतंय कोण! नवरा गेल्यापासून चार गाई, गवती छपराचं घर आणि भावाची पोरकी लेक हॅनोरा, सगळं तिने एकटीने सांभाळलेलं. घुसळण चालू असताना दारात जो येईल, मग तो पाद्री असो की फेरीवाला, त्याने घुसळायच्या दांड्याला हात लावायचाच. न लावता गेला तर लोणी त्याच्या मागोमाग जातं, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या सप्टेंबरात हॅनोराचं लग्न जुळत आलं होतं. मुलाचा बाप, कॉन ओ'ड्रिस्कोल, घर आणि गाई बघायला गुरुवारी यायचा, तो उगवला बुधवारी. ऐन घुसळणीत! लोणी तासभर रुसलेलं, हॅनोराचे दंड भरून आलेले. चर्चला जायचा कोट घातलेल्या कॉनने आल्या आल्या चुलीतला निखारा चिमट्याने उचलला, पाइप पेटवला आणि "गाई बघून येतो" म्हणत तो वळला.

गोबनेट दारात आडवी.

"पाइप विझवा. लोणी येईतो या घरातला विस्तव बाहेर जात नाही. आणि दांडा धरा."

"मी? अहो बाई, मी मुलाचा बाप आहे!"

"म्हणून तर सांगतेय. परका असता तर विनंती केली असती."

"आत्या, जाऊ दे ना," हॅनोरा कुजबुजली. "स्थळ मोडेल गं."

"मोडू दे! आमचं लोणी पळवणाऱ्याच्या घरी तुला धाडू होय?"

कॉन लालबुंद झाला. दार रुंद होतं, पण गोबनेटही काही कमी नव्हती. शेवटी कोट खुंटीला गेला. कॉन असा काही घुसळायला लागला की मिशांवर ताकाचे शिंतोडे! बघता बघता दांडा जड झाला. गोबनेटने झाकण उचललं. पिवळेधमक गोळे तरंगत होते.

"आता बघा खुशाल गाई."

"गाई कशाला? लोणी बघितलं की!" कॉन धापा टाकत हसला. "आमच्याकडे येतात सगळे, दांड्याला हात लावत नाही एक जण. पोरीला येतं का असं दार अडवायला?"

हॅनोराने पहिल्यांदाच मान वर केली.

"मामंजी, लोणी धुवायला झऱ्याचं पाणी लागेल. बादली तिथं आहे बघा."