आवाजांना न येणारी भाषा

माझा हात थरथरतो तो मानेच्या शिरेमुळे, असं मी पेणमध्ये सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं होतं. हात गोळ्यांमुळे थरथरतो आणि गोळ्या मनाच्या आजारावरच्या आहेत. समोर कुणी नसताना मला माणसांचे आवाज ऐकू येत.

आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी आखायचो. बाकीचं रंगकाम कुणीही करतं, डोळ्यांची आखणी एकाच हाताची. गोळ्या सुरू झाल्यावर ब्रश बायकोने घेतला. तिने आखलेले डोळे माझ्याहून शांत उतरतात. "डोळे काय काढलेत," असं गिऱ्हाईक म्हणालं की मान मात्र मी डोलवायचो.

आवाज आमच्या घरच्या बोलीत खेकसायचे. मराठीत कविता लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला हसायचे. हंगामात उत्तरेकडचे कारागीर आमच्याकडे राबायला येतात, त्यांच्या संगतीने हिंदी शिकलो होतो. एका दुपारी हिंदीत चार ओळी लिहिल्या. कुणी हसलं नाही. डोक्यातल्यांना हिंदी येत नव्हती. मग लिहीतच गेलो. कवितेने आजार गेला नाही, गोळ्या आजही घेतो. पण त्या भाषेत माझा शब्द मला पुरा करता येतो.

गेल्या वर्षी रोह्याच्या कंपन्यांतल्या हिंदीभाषक कामगारांनी कविता वाचायला बोलावलं. वाटेत, नागोठण्याच्या पुढे, बायको म्हणाली, "तिथं मानेची शीर सांगू नका."

"मग काय सांगू, येडा हाय म्हणून?"

"येडे तर तुमी लग्नाआधीपासनच हाय. आजारी हाय म्हणून सांगा. नायतर मी उठून सांगीन, आणि माझी हिंदी तुमाला ठावी हाय."

मी सांगितलं. आवाजांचं, गोळ्यांचं, आणि गणपतीचे डोळे बायको आखते हेही. बोट तिच्याकडे केलं तेव्हा तिने पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही. मग वाचलं. माइकमध्ये कागदाची फडफड सगळ्यांना ऐकू गेली. मी हात लपवला नाही.

नंतर एक कामगार आला, तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे. त्याचा भाऊ झोपत नव्हता, भिंतीशी बोलायचा. तिने त्याला पेणच्या डॉक्टरांचा पत्ता नीट समजावला आणि म्हणाली, "डरने का नाय. और कविता नाय लिखा तो भी चलेगा."

मी शेजारी उभा होतो, छाती पुढे काढून.