तीनदा तोडलेला ऐन

अस्ताव्यस्त काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. वर्गातलं कपाट असो, पोरांची दप्तरं असोत, नाहीतर डोंगराचा उतार. आमच्या कोकणातल्या घरी अंगणात एक वाळकं पान पडलेलं चालायचं नाही, आणि ती शिस्त मी थेट सिल्वासापर्यंत आणली. अथालला भाड्याने जागा घेतली, स्कूटर घेतली आणि रांध्याच्या बाजूच्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागले. शाळेच्या मागे गावाचा एक उतार होता. सगळा झुडपांनी भरलेला. गुडघाभर, कमरेएवढ्या फांद्या, करवंदीच्या जाळ्या, वेली, पिवळं गवत. मला ती निव्वळ अडगळ वाटली.

शाळेला दरवर्षी वृक्षारोपण करावं लागे आणि हेडसरांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मी आनंदाने घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्याच वर्षी पोरांना हाताशी घेऊन मी तो उतार साफ केला. कोयत्याने झुडपं बुडापासून छाटली, पाला गोळा करून जाळला, दोरी धरून सरळ रेषेत खड्डे खणले आणि नर्सरीतून आलेली गुलमोहराची, सप्तपर्णीची रोपं लावली. उतार इतका लख्ख दिसत होता की माझी छाती फुगली. त्या दिवशीच्या फोटोत मी मधोमध उभी आहे.

दिवाळीनंतर रोपं वाऱ्याने कलायला लागली. आधाराला काठ्या हव्या होत्या. तोवर छाटलेली झुडपं पुन्हा फुटून वर आली होती, त्यातल्याच सरळ बघून काठ्या तोडल्या. गुलमोहर त्या काठ्यांना टेकून उभे राहिले आणि होळीपर्यंत उभ्या उभ्या वाळून गेले. दुसऱ्या वर्षी मी जास्त मन लावून साफसफाई केली, कारण मला वाटलं झुडपांनीच रोपांचं पाणी पळवलं. तिसऱ्या वर्षी तर मी एकही फांदी ठेवली नाही. रोपं तिसऱ्यांदाही मेली.

हे सगळं एक माणूस रोज बघत होतं. शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या मावशी. त्या वारली समाजातल्या. उताराच्या पलीकडच्या पाड्यावर राहायच्या आणि दुपारी स्वयंपाकखोलीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडता निवडता वर नजर टाकायच्या. त्या मला ‘बाई, तू’ म्हणत. पहिला महिनाभर मला ते टोचलं. मग कळलं की त्यांच्या बोलीत हेडसरही ‘तू’च असतात आणि देवही, तेव्हा मी ते मनावर घेणं सोडलं.

तिसऱ्या अपयशानंतर हेडसर माझ्याबरोबर उतारावर आले. आमच्याकडे मुंबईहून आलेले, स्वभावाने चांगले, पण कामाचा निकाल कागदावर दिसल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. म्हणाले, “मॅडम, हे आता बस झालं. पावसाआधी जेसीबी बोलावतो. सगळं उकरून टप्पे पाडू आणि नीलगिरी लावू. नीलगिरी कशीही जगते.”

मला ते पटलं. खरं सांगते, मला ते अगदी पटलं.

हेडसर गेले आणि मावशी लुगड्याला हात पुसत वर आल्या. “चल बाई, तुला दाखवते,” म्हणाल्या. पुढे जाऊन त्या खाली बसल्या आणि माझ्या हाताने छाटलेल्या एका खुंटाभोवतीची माती हाताने बाजूला करू लागल्या. मला वाटलं होतं, मनगटाएवढं झुडूप असेल. माती सरत गेली तसं लाकूड रुंद होत गेलं. जेवायच्या ताटाएवढं झालं, तरी संपेना. काळं, गाठाळ, जुनं. कडेला जिथे माझा कोयता लागला होता तिथे लालसर कोंब पुन्हा बाहेर येत होते.

“ह्यो ऐन हाय,” मावशी म्हणाल्या. “माझे आजाचे वेळी मोठा झाड होता. राबाला तोडला.”

राब म्हणजे काय ते मला माहीत होतं. भात पेरण्याआधी वाफ्यावर फांद्या आणि पाला पसरून जाळतात, तो राब. आमच्या कोकणातही तसंच करतात. वर्षानुवर्षं फांद्या काढून काढून तो ऐन जमिनीच्या खाली गेला होता. आणि एकटा नव्हता. मावशींनी मला हाताला धरून उतारभर फिरवलं. हा साग. हा कळंब. हा धावडा. हा आपटा. जिथे म्हणून मला अडगळ दिसली होती तिथे खाली एकेक झाड बसलेलं होतं, माझ्या आजीपेक्षा म्हातारं. मी एका जुन्या जंगलाच्या डोक्यावर उभं राहून गुलमोहर लावत होते. पायाखालची जमीन इतकी जिवंत आहे, हे कळल्यावर मला पुढे पाय टाकायची भीती वाटली.

“झाडां मेली नाय,” मावशी म्हणाल्या. “उठू लागली का तू तोडतेस.”

“मग तीन वर्षं बोलला का नाहीत?” मी चिडून विचारलं. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायची माझी जुनी खोड.

“तू मास्तरीण. मला वाटला, तुला ठावं असंल.”

मी तिथेच खाली बसले. मग मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाच्या सुरुवातीला कवळी उगवते. आमच्याकडे तिला फोडशी म्हणतात, गवतासारख्या लांब पातीची रानभाजी. त्यांच्याकडे ती आधी देवाला दाखवतात आणि तोवर घरातलं कोणी तोंडात घालत नाही. मावशींच्या घरची पहिली कवळी त्यांच्या आईच्या आधीपासून याच उतारावरची असायची. माझ्या खड्ड्यांत तिचे कंद उकरले गेले, उरलेले उन्हाने भाजले. तीन वर्षं मावशी दोन डोंगर ओलांडून भावाच्या पाड्यावरून कवळी आणत होत्या.

“भाऊचे देवाची भाजी ती. आमचे देवाची नाय,” त्या म्हणाल्या. “आता जेसीबी आला का मुळी पण जाईल. मग कशातून उठंल?”

मी तशीच हेडसरांकडे गेले. म्हटलं, जेसीबी नको, रोपं नकोत, खड्डे नकोत. काहीही न लावायची परवानगी द्या. त्यांनी फाइल पुढे ओढली. “आणि अहवालात मी काय लिहू?”

“मॅडमनी झोपा काढल्या म्हणून लिहा.”

भांडण जवळजवळ आठवडाभर चाललं. शेवटी ते म्हणाले, “दोन पावसाळे देतो. काही दिसलं नाही तर जेसीबी येणार, आणि तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं नाही.” मी हो म्हटलं. पण उतार माझा नव्हता. हरले असते तर किंमत मावशींनी मोजली असती.

मग मावशी मास्तरीण झाल्या आणि मी विद्यार्थिनी. एका खुंटातून दहा-बारा फुटवे निघतात. त्यातले दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे अलगद काढायचे. काढलेल्यांचं काय करायचं, तर तोच राब. मावशींनी पाड्यावर सांगितलं, इथले फुटवे मी देते, कोणी आपल्या हाताने तोडू नका. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारी त्यांची होती. मी सांगितलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. वाळक्या काट्यांचं कुंपण घालून शेळ्या अडवल्या. माघ संपला की कडेने चार हातांची पट्टी गवत काढून मोकळी केली, म्हणजे वणवा आत येणार नाही. आत पडलेला पाला मात्र तसाच ठेवायचा. तो पाला न झाडणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. दोनदा मी झाडू घेऊन वर गेले आणि मावशींना बघून परत फिरले.

पहिल्या दिवाळीला फुटवे माझ्या खांद्याला लागले. मी रोज शाळा सुटल्यावर वर जाऊन उभी राहायचे. दुसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी मला वर मान करून बघावं लागलं. मी काही पेरलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, खत घातलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यावर सावली होती. पाल्याखालची माती नोव्हेंबरात हाताला ओली लागत होती. एका सकाळी झाडांतून नवरंगाची शीळ आली. मी पक्षी ओळखणारी नव्हे, पोरांनी सांगितलं. खडोलीच्या कारखान्यांकडे जाणारी कामगारांची बस खालून भोंगा वाजवत गेली, तरी तो ओरडतच राहिला. मला रडू आलं आणि मी पोरांना पाठ फिरवून करवंदी बघत असल्याचं सोंग केलं.

तिसरा पाऊस लागून आठ दिवस झाले होते. मावशींनी मला बोलावलं नाही, नुसत्या पायरीवरून उठल्या आणि चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. ऐनाच्या बुंध्याशी पाल्यातून हिरव्या पाती वर आल्या होत्या. एक, मग दुसरी, मग बघावं तिकडे. मावशी पाल्यात खाली बसल्या. मग त्यांनी मूठभर पाती खुडल्या, कंद जमिनीत तसेच ठेवले, पळसाच्या पानावर भाजी आणि तांदळाचे दाणे मांडले आणि त्यांच्या देवाशी बोलल्या. पुटपुटणं मला कळलं नाही. ते ‘तू’ तेवढं कळलं.

एवढ्यात हेडसर धापा टाकत वर आले. हातात कागद होता. दोन पावसाळ्यांची मुदत संपली होती आणि त्यांना पाहणी करायची होती. ते झाडांत शिरले, वर पाहिलं, गोल फिरून पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. जेसीबीचा विषयही त्यांनी काढला नाही. ऐनावर हात ठेवून म्हणाले, “हे केवढं झालंय! मॅडम, इथे रकाना आहे. लावणाऱ्याचं नाव. तुमचं लिहू ना?”

ऐनाच्या बुडाशी माझ्या कोयत्याचे घाव अजून दिसत होते. साल त्यांच्यावरून कडेकडेने चढत आली होती. मी वाकून त्यांना हात लावला.

“कोणी लावलेलं नाही सर. लिहायचंच असेल तर लिहा, हा ऐन मॅडमनी तीनदा तोडला.”

मावशी देवापुढून उठत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तीनदा नाय बाई, चारदा,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला रोपांना काठ्या नेल्यास त्या ह्याच्याच होत्या.”

मग त्यांनी पळसाच्या पानावरची थोडी कवळी उचलून माझ्या हातात ठेवली.

“तरी आला. घे. आता खायची.”