भूत कुठे अडकलंय?

"भूत कधी येतं, एवढंच सांगा," लेलेकाका फोनवर म्हणाले. "मी निम्मं पुस्तक वाचलं. ते सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलंय का?"

फोन स्पीकरवर होता. टेबलाच्या पलीकडे मिलिंद डोकं धरून बसला होता आणि अलीकडे मी त्याच्या ऑफिसातला पांचट चहा पीत होते. मिलिंद म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या प्रकाशनाचा आताचा मालक. त्याच्या वडिलांच्या हाताखाली मी संपादक म्हणून नोकरी केली. मी निवृत्त झाले, आजी झाले, पण काही अडलं की तो मला बोलावतो. मीही नको नको म्हणत चप्पल आधीच पायात घालून बसलेली असते.

लेलेकाकांनी फोन ठेवला. मिलिंदने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"बाई, सकाळपासून हेच चाललंय."

कादंबरी भयकथेची होती. नाव सांगत नाही, जाहिरात केल्याचा आरोप नको. लेखिका सुजाता, धायरीत राहणारी, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी. पहिलंच पुस्तक. एक लहानसं तालुक्याचं गाव, बंद पडलेली तेलाची गिरणी, आणि गावात हळूहळू शिरणारं काहीतरी. धाडकन दार आपटणं नाही, पांढरी साडी नाही, रक्त तर अजिबात नाही. मंद आचेवर दूध ठेवावं तशी भीती.

वाचकांचं म्हणणं मात्र असं की दूध तापतच नाही. एकाने लिहिलं, गावातली माणसं पिठाच्या गिरणीत जातात आणि परत येतात, याला कादंबरी म्हणत असतील तर माझी डायरी छापा. एका समीक्षकाला पुस्तक आवडलं होतं, पण त्यालाही भीती वाटली नव्हती. नायिका दारात माणसांना अडवून "नीट म्हण" असं म्हणते, त्यात त्याला आधुनिक समाजातल्या तुटलेल्या संवादाचं प्रतीक दिसलं होतं. समीक्षकांना काहीच कळलं नाही की प्रतीक दिसतं.

आणि दुसरीकडे असेही वाचक होते, जे शपथेवर सांगत होते की इतकं घाबरवणारं काही त्यांनी आजवर अनुभवलं नाही. एका मुलीने लिहिलं होतं की आता आई भाजी आणायला निघाली तरी मी कान टवकारते. ही बहुतेक ऑडिओबुकवाली मंडळी होती, म्हणजे कानाला यंत्र लावून पुस्तक ऐकणारी. मिलिंदचं निदान तयार होतं. वाचणाऱ्या नटीचा आवाजच तसा आहे, बाई. तिने वाण्याची यादी वाचली तरी माणूस दचकेल.

म्हणून त्याला सेकंड एडिशन हवी होती, कापलेली. पहिला अर्धा भाग उडवायचा आणि थेट "नीट म्हण"पासून सुरुवात करायची. रविवारी कसब्यातल्या एका हॉलमध्ये वाचकांचा मेळावा होता, तिथे त्याला हे जाहीर करायचं होतं. कापायचं कुणी? अर्थातच मी.

सुजाताला त्याने फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कापा," ती म्हणाली. "पण कव्हरवरचं माझं नावही कापा."

फोन बंद. मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मी पुस्तकाकडे.

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी लगेच लेखिकेची बाजू घेतली. छे. कापण्याची मला पहिल्यापासून आवड. तरुणपणी ऑफिसात मला कात्री म्हणायचे आणि मला तो गौरव वाटायचा. पंचविशीतली ती मी आठवली की आज हसू आवरत नाही. दोन वेण्या, नाकावर चष्मा, हातात लाल पेन, आणि मराठी भाषा आपण पोहोचेपर्यंत ताटकळत उभी होती अशी समजूत. होणाऱ्या नवऱ्याने पाठवलेलं पहिलं पत्र मी शुद्धलेखन सुधारून, पाल्हाळ खोडून त्याला परत पाठवलं होतं. एवढं होऊनही त्याने लग्न केलं, यावरून त्याच्या बुद्धीची कल्पना यावी.

तर मी पुस्तक घरी नेलं आणि पेन्सिल घेऊन बसले. आणि खरं सांगते, मलाही लेलेकाकाच बरोबर वाटले. पहिल्या प्रकरणात कुसुम दळण घेऊन निघते. "येते," म्हणते. संध्याकाळी येते. दुसऱ्या प्रकरणात पोस्टमन निघतो. "येतो," म्हणतो. येतो. भाषा सुरेख, गाव डोळ्यांपुढे उभं, पण घडत काही नाही. मग अर्ध्यावर नायिका अचानक लोकांना उंबऱ्यात अडवायला लागते. "येते," समोरची म्हणते. "नीट म्हण," नायिका म्हणते. "येते," ती पुन्हा म्हणते, आणि नायिका थरथरते. मी समासात पेन्सिलीने लिहिलं: काय नीट म्हण? बरोबर तर म्हणतेय.

रविवारी सकाळी कसब्यातला हॉल भरला होता. गंमत बघा, माणसं आपोआप दोन बाजूंना बसली होती. डावीकडे लेलेकाका आणि त्यांच्यासारखे, मांडीवर पुस्तक. उजवीकडे कॉलेजची, आयटीतली पोरं, गळ्यात हेडफोन. स्टेजवर मिलिंद, मी, आणि टोकाच्या खुर्चीत सुजाता. तिने आल्यापासून माझ्याकडे बघितलं नव्हतं. कात्रीकडे कोण बघेल?

डावीकडून एकेक जण उठून कंटाळ्याचं वर्णन करत होता. उजवीकडून उत्तर येत होतं की तुमच्याकडे पेशन्स नाही. लेलेकाका म्हणाले, पेशन्स नसता तर मी पुण्यात बँकेत खातं ठेवलं असतं का. हशा झाला. सुजाता हसली नाही. तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती. मिलिंदच्या समोर घोषणेचा कागद तयार होता. तो माझ्याकडे वळून कुजबुजला, चहानंतर सांगून टाकतो.

चहाची सुट्टी झाली. उजव्या बाजूची रुचा नावाची एक मुलगी उठली. चेहऱ्यावर खट्याळपणा. मैत्रिणीकडे वळून सावकाश म्हणाली, "जाते गं."

अख्ख्या रांगेने माना वळवल्या. मैत्रिणीने तिच्या दंडावर फटका मारला.

"नीट म्हण," ती म्हणाली. हसत होती, पण हात सोडत नव्हती.

डावी बाजू कोरी. त्यांना काही कळलंच नाही. आणि माझ्या मात्र अंगावर सरसरून काटा आला.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जाते" म्हणतं का? "येते" म्हणायचं. लहानपणी चुकून "जाते" म्हटलं तर आई तिथल्या तिथे थांबवायची. जातो म्हणणारा परत येत नाही, एवढं न बोलता आपल्याला माहीत असतं.

मी रुचाला स्टेजवर बोलावलं. तिच्या फोनवर पहिलं प्रकरण लावायला सांगितलं. एक हेडफोन माझ्या कानात, छापील पुस्तक हातात, बोट ओळीवर. कुसुमने दळणाचा डबा उचलला. पुस्तकात होतं, "येते." कानात नटी अगदी साध्या, घरगुती आवाजात म्हणाली, "जाते."

पोस्टमन. पुस्तकात "येतो." कानात "जातो."

आणि मग सगळं लख्ख दिसलं. हे लोक "जाते" म्हणून निघतात आणि संध्याकाळी परत येतात. पण मग परत येतं ते कोण? लेखिकेने हे कुठेही सांगितलेलं नाही. गावाच्या लक्षात येत नाही, फक्त ऐकणाऱ्याच्या येतं, हळूहळू, प्रकरणामागून प्रकरण. तेच तर मंद आचेवरचं दूध. आणि आमच्या छापील पुस्तकात कुणीतरी गॅसच बंद केला होता.

मला या वयात उडी मारता आली असती तर मारली असती. मी मिलिंदच्या पुढचा घोषणेचा कागद उचलला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"सुजाता, छापून आल्यावर तू हे पुस्तक उघडलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मला नवल वाटलं नाही. पहिलं पुस्तक लेखक वाचत नाहीत, कपाटात ठेवून लांबून बघतात. मी पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. दुसरं पान उलटलं. तिसरं. मग ओढणी सोडून दिली.

"आई," ती म्हणाली.

झालं होतं असं. ऑडिओसाठी मिलिंदने सुजाताची मूळ फाइल पाठवली होती. छापील पुस्तक मात्र प्रुफांमधून गेलं. प्रूफ म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं. ती लेखकाकडे जातात, लेखक चुका खुणावतो, आणि आमचा मुद्रितशोधक फक्त एवढंच बघतो की खुणावलेल्या दुरुस्त्या झाल्या की नाही. लेखकाने केलेली दुरुस्ती, तिच्यावर शंका कोण घेणार? पण तेव्हा सुजाताचा हात प्लास्टरमध्ये होता. प्रुफं वाचली होती तिच्या आईने. आई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सुजाताने न बघता सही केली होती, तीही डाव्या हाताने.

जो वाचतो तो ऐकत नाही, आणि ऐकतो तो वाचत नाही. म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता नव्हता. दोन्ही बाजू दोन वेगळ्या पुस्तकांवर भांडत होत्या.

मेळावा कसाबसा आवरून आम्ही तिघं मिलिंदच्या गाडीतून धायरीला निघालो. सिंहगड रोडला अडकलो. मी म्हटलं, लेलेकाकांचं निदान पत्त्यासकट बरोबर होतं. सुजाता पहिल्यांदा हसली.

आईंचं घर त्यांच्यासारखंच, टापटीप. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. आम्ही सांगितलं तसा त्यांना राग आला, आमचाच.

"सगळ्या गावाला साधं बोलता येत नाही का, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "बरं, पुढे ती बाई स्वतःच म्हणते, नीट म्हण. मग मी नीट केलं."

"आई, ते भूत होतं."

"कुठलं?"

"तू खोडलंस ते."

आई पदर सारखा करून म्हणाल्या, "भूतबीत मी मानत नाही." आणि माझ्याकडे बघत, "पुस्तक तुमच्या पेठेत जाणार होतं. धायरीच्या पोरीला येते-जाते कळत नाही, असं कुणी म्हणायला नको होतं मला."

मी चहात बघायला लागले. त्या दोन वेण्यांच्या पोरीने एकदा आमच्या ऑफिसात एका खेड्यातल्या लेखकाने "आहे"ऐवजी लिहिलेलं "हाय" मोठ्याने वाचून हशा मिळवला होता. तेव्हा ती स्वतःला फार विनोदी समजायची. आई जिला घाबरत होत्या, ती पेठ म्हणजे तीच. भूत मानत नसल्या तरी त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं.

मी म्हटलं, "ताई, पेठेला यातलं काही कळलेलं नाही. पेठ मला पुस्तक कापायला सांगत होती."

मिलिंद खोकला.

त्या संध्याकाळीच ठरलं. एक ओळही कापायची नाही. मूळ शब्द परत लावायचे. मिलिंदला सुरुवातीला एक निवेदन हवं होतं, की आधीच्या आवृत्तीत असं असं झालं. सुजाता म्हणाली, मग सगळी मजाच गेली. मीही तिच्या बाजूने बोलले. कात्रीने जोडायची बाजू घेतली हे ऐकून मिलिंदने पाणी मागितलं.

नवी आवृत्ती आली. त्या वेळी प्रुफं मी वाचली, आणि प्रत्येक "जाते"वर पेन उचललं जायचं. सवय आहे, हात आपोआप जातो. प्रत्येक वेळी डाव्या हाताने उजवा धरला.

आता सगळ्यांचं एकमत झालं असेल असं वाटत असेल तर तुम्ही पुण्याचे नाही. निम्म्या लोकांना पुस्तक अजूनही संथच वाटतं. समीक्षकाने जुन्या आवृत्तीतली संदिग्धता अधिक कलात्मक होती असं लिहिलं. आणि लेलेकाकांचा फोन आला. भूत आता पहिल्याच प्रकरणात येतं, एवढी घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं. आवाज मात्र जरा हळू होता. मागून काकू विचारत होत्या, दिवे सगळे का लावलेत.

मला यातून एवढंच कळलं. पुस्तक संथ आहे असं कुणी म्हटलं, की कात्री शोधण्याआधी विचारावं, कुठली आवृत्ती?

नवीन प्रत द्यायला मी धायरीला पुन्हा गेले होते. पुढच्या आठवड्यात अभिप्राय ऐकायलाही गेले, राहवेना. आईंनी पुस्तक वाचलं होतं. एकही खूण केलेली नव्हती. त्या म्हणाल्या, माणसांना इतकं घाबरवणं चांगलं नाही. आतल्या खोलीतून सुजाता दारात येऊन उभी राहिली आणि नुसती ऐकत राहिली. आधी हेच पुस्तक वाचून आई तिला फक्त "अक्षर मोठं आहे" एवढंच म्हणाल्या होत्या.

मी उठले. चपला घातल्या. म्हातारपणी माणसाला सुबुद्धी येते हे खोटं आहे. मी मागे वळून अगदी साध्या, घरगुती आवाजात म्हटलं, "बरंय ताई, जाते."

भूतबीत न मानणाऱ्या मुख्याध्यापिकेने माझी पिशवी धरली.

"नीट म्हणा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं. तेव्हा कुठे पिशवी सुटली.